मॅकफार्लंड : शेतमजुरांच्या गावातील सरकारी हायस्कूल आणि तिथला धावण्याचा संघ

खोरेवासी

अमेरिकेतील शाळांच्या खेळांविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक वेळा फुटबॉल, बास्केटबॉल आणि त्यातून मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या यांच्याभोवती फिरते. शेतीवर जगणाऱ्या लहान गावातील सरकारी हायस्कूल कसे चालते आणि तिथले खेळ कोण सांभाळतो, हे फारसे कुणी सांगत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातील मॅकफार्लंड या गावाबद्दल सविस्तर लिहीत आहे. मी अनेक वर्षे फ्रेस्नोत राहतो आणि कामानिमित्त या भागातून माझे सतत जाणे-येणे असते.

मॅकफार्लंड हे कर्न काउंटीत, बेकर्सफील्डच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, ९९ क्रमांकाच्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना वसलेले गाव आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १४ हजारांच्या आसपास होती आणि १९८० च्या सुमारास ती त्याच्या निम्मीही नव्हती. गावाभोवती बदामाच्या बागा, द्राक्षाचे मळे, मोसंबीवर्गीय फळे आणि कालवे आहेत. बहुसंख्य कुटुंबे मूळची मेक्सिकोतली आणि त्यांतली बरीचशी शेतमजुरी करणारी. शेजारचे डिलेनो गाव म्हणजे १९६५ मध्ये द्राक्षमळ्यांतील मजुरांनी जो मोठा संप केला, त्याचे केंद्र. लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो मजूर आधी संपावर गेले आणि काही दिवसांतच सेझार चावेझ यांची संघटना त्यांना येऊन मिळाली. मॅकफार्लंडच्या शाळेत शिकलेल्या अनेक मुलांच्या घरात तो इतिहास आजी-आजोबांच्या तोंडून आलेला आहे.

या गावातील सरकारी हायस्कूलच्या मुलांच्या संघाने क्रॉसकंट्री धावण्याचे राज्य अजिंक्यपद १९८७ ते २००१ या काळात नऊ वेळा जिंकले. कॅलिफोर्नियात या खेळाची राज्यस्तरीय स्पर्धा सुरूच झाली ती १९८७ मध्ये, आणि पहिल्याच वर्षी आपल्या गटात हा संघ पहिला आला. प्रशिक्षक होते जिम व्हाइट नावाचे शिक्षक. २०१५ मध्ये या संघावर हॉलिवूडने चित्रपट काढला, त्यामुळे काहींना गावाचे नाव ठाऊक असेल.

या यशाची कथा बहुतेक ठिकाणी जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण मला वाटते की खरे कारण खेळाच्या गुणपद्धतीत आणि शाळेच्या सातत्यात आहे, आणि ते समजून घेतले तर आपल्याकडच्या शाळांनाही त्याचा उपयोग होईल. क्रॉसकंट्रीत प्रत्येक शाळेचे सात जण एकाच वेळी धावतात. अंतर पाच किलोमीटर, वाट मातीची आणि चढउतारांची. जो ज्या क्रमांकावर येतो, तितके गुण त्याच्या संघाच्या खात्यात जमा होतात. संघातल्या पहिल्या पाच जणांच्या गुणांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ जिंकतो. समजा एका शाळेची मुले पहिली, दुसरी, तिसरी आणि चौथी आली, पण पाचवा मुलगा साठावा आला, तर बेरीज झाली ७०. दुसऱ्या शाळेचा एकही मुलगा पहिल्या सातांत नाही, पण तिची पाच मुले ८, ९, १२, १४ आणि १६ व्या क्रमांकावर आली, तर बेरीज ५९ होते आणि अजिंक्यपद या दुसऱ्या शाळेला मिळते. सहाव्या-सातव्या धावपटूचे गुण धरत नाहीत. मात्र ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आले, तर त्याचा क्रमांक खाली ढकलतात.

म्हणजे या खेळात शाळेला एका असामान्य मुलावर विसंबून राहता येत नाही, तिला पाचव्या मुलाची काळजी घ्यावीच लागते. राज्य स्पर्धा फ्रेस्नोच्या वुडवर्ड पार्कमध्ये नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंग या सणानंतरच्या शनिवारी होते. तिथे उभे राहिले की दिसते, अनुभवी पालक पहिला आलेल्या मुलाकडे फार वेळ पाहतच नाहीत. शेवटच्या वळणावर गर्दीतून आपल्या शाळेच्या रंगाचा पाचवा बनियन कधी बाहेर पडतो, याकडे त्यांचे डोळे लागलेले असतात. शेजारच्या शाळेचा त्याच रंगाशी मिळताजुळता बनियन आधी दिसला की माणसे क्षणभर ओरडतात आणि पुन्हा गप्प होतात. मॅकफार्लंडने जे जिंकले ते या पाचव्याच्या बळावर, असे माझे मत आहे. आपल्या सदस्यांपैकी कुणी शिक्षक किंवा खेळाडू असतील, तर त्यांचे म्हणणे वाचायला आवडेल.

माणदेशी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठली आणि त्या दहाव्या आल्या. ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली ती १९८४ मधील पी. टी. उषा यांच्यानंतर प्रथमच. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडव्याचे अविनाश साबळे हे तर आज साऱ्या देशाला ठाऊक आहेत. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच स्टीपलचेसमध्ये त्यांचे सुवर्णपदक केवळ पाच शतांश सेकंदांनी हुकले, आणि ती शर्यत अशी होती की जिचे सुवर्ण १९९४ पासून केनियाशिवाय कुणाच्या हाती लागलेले नव्हते. शाळेत जाण्यासाठी ते लहानपणी सहा किलोमीटर चालत किंवा पळत जात. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यांची पार्श्वभूमीही अशीच कष्टाची.

माझा प्रश्न असा की माणदेश काय, आष्टी काय किंवा मॅकफार्लंड काय, दुष्काळ आणि कष्टाच्या जमिनीतच लांब पल्ल्याचे धावपटू निपजतात, असे म्हणायला हरकत आहे का? आमच्याकडे तर सगळे असेच मानतात की रानातल्या कामाने पोर काटक होते आणि काटक पोरच पळते.

सुजाता_क

माणदेशी यांच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे आणि ती मी नम्रपणे पण स्पष्टपणे नोंदवते. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या कामाशी जोडलेली आहे. मुकादमाकडून उचल घेतलेले जोडपे दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या वाटेला लागते, बरोबर मुलांना नेते आणि चौथी-पाचवीतली मुलगी फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. तिच्या काटकपणाचे कौतुक करायला आम्हाला कधी जमलेले नाही. मार्चमध्ये ती परत येते तेव्हा वर्गातल्या मुलांच्या मागे पडलेली असते आणि पुढच्या एक-दोन हंगामांत तिची शाळाच सुटते. अशा हजारो मुलांतून एखादा पदक मिळवतो आणि आपण म्हणतो, कष्टाने घडवले. बाकीच्यांना कष्टाने काय केले, हे कुणी विचारत नाही.

खोरेवासी, मॅकफार्लंडची मुले शेतात काम करून धावत होती, हे चित्रपटात फार भावनिक करून दाखवले आहे. ते प्रत्यक्षात किती खरे होते? आणि अमेरिकेत लहान मुलांना शेतात काम करू देतात का?

खोरेवासी

सुजाताताई, तुमचा प्रश्न योग्य आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात शेतीला सवलत दिलेली आहे. कारखान्यात किंवा दुकानात ज्या वयात मूल ठेवता येत नाही, त्या वयाचे, म्हणजे १२ वर्षांचे मूल पालकांच्या संमतीने शाळेच्या वेळेबाहेर शेतात मजुरीला लागू शकते. हा कायदा १९३८ चा आहे आणि शेतीतील ही ढील अनेकदा टीका होऊनही पूर्ण दूर झालेली नाही. मॅकफार्लंडच्या संघातील अनेक मुले सुट्टीत आणि शनिवार-रविवारी आई-वडिलांबरोबर मळ्यात जात, हे खरे आहे.

परंतु श्रम म्हणजे सराव नव्हे, हे मी माणदेशी यांना आदरपूर्वक सांगू इच्छितो. द्राक्षाच्या वेलीखाली दिवसभर वाकून घड तोडणे किंवा कांद्याच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून पुढे सरकणे यामुळे पाठ आणि गुडघे झिजतात, फुप्फुसांची क्षमता वाढत नाही. कष्टाची सवय असलेले मूल सरावाचा कंटाळा करत नाही, एवढे मान्य. पण मॅकफार्लंड ज्यात वसले आहे, त्या सॅन वाकीन खोऱ्यात शेतमजुरांची गावे कितीतरी आहेत. डिलेनो, वास्को, शाफ्टर, अर्विन, लॅमाँट येथेही तेच ऊन, तेच मळे आणि तीच गरिबी. नऊ अजिंक्यपदे मात्र एकाच गावाने मिळवली, त्यामुळे कारण गरिबीत शोधून चालणार नाही.

इथे चित्रपटाने एक मोठी गोष्ट झाकली आहे. पडद्यावर प्रशिक्षक १९८७ मध्ये गावात नव्याने येतात आणि त्याच वर्षी संघ जिंकतो. प्रत्यक्षात जिम व्हाइट १९६४ पासून मॅकफार्लंडमध्ये शिकवत होते आणि क्रॉसकंट्रीचा संघ त्यांनी १९८० मध्ये बांधला. पहिले अजिंक्यपद येईपर्यंत ते गावात वीसहून अधिक वर्षे राहिलेले होते. कुणाच्या घरी किती भावंडे आहेत, कुठल्या वडिलांना मुलाने धावण्यापेक्षा मजुरीला यावे असे वाटते, कुणाकडे बूट नाहीत, हे त्यांना माहीत होते. सरावाच्या वेळी ते सायकलवरून मुलांच्या सोबत जात, बदामाच्या बागांमधल्या मातीच्या रस्त्यांवरून आणि कालव्याच्या भरावावरून. पत्नीही या कामात त्यांच्याबरोबर होती. २००० नंतर ते निवृत्त झाले, तोवर जुन्या खेळाडूंपैकी काही जण पदवी घेऊन त्याच गावच्या शाळांत शिक्षक म्हणून परत आलेले होते. दोन-अडीच तासांच्या चित्रपटात वीस वर्षांचे राहणे दाखवता येत नाही हे मी समजू शकतो, पण ते वगळल्यामुळे प्रेक्षक घरी नेतात ती चमत्काराची गोष्ट.

सरकारी शाळेबद्दलही दोन गोष्टी नोंदवतो, कारण त्यांच्याशिवाय हे घडलेच नसते. पहिली, १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांच्या मुलांनाही राज्याने सरकारी शाळेतून वगळता कामा नये. शेतमजुरांच्या गावासाठी या निकालाचे मोल किती, हे सांगायला नको. दुसरी, राज्यभर शाळांच्या खेळांचे नियमन करणारी संघटना १९१४ पासून आहे आणि तिच्या नियमानुसार खेळाडूला अभ्यासात चार गुणांच्या मापावर किमान दोन गुणांची सरासरी राखावी लागते. सरासरी घसरली की संघातून नाव निघते. त्यामुळे सातवा धावपटू गणितात मागे पडला, तर प्रशिक्षकाला गणिताच्या शिक्षकाकडे जावेच लागते.

माणदेशी

पटले. कष्टाचा मुद्दा मी घाईने मांडला होता असे नाही, आमच्याकडे तो सर्वमान्यच आहे. पण शेजारच्या गावांचे उदाहरण दिल्यावर त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यांतही दुष्काळ आहे आणि तिथून ललिता बाबर आलेल्या नाहीत.

गावशाळा_पीटी

मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवतो. या धाग्यावर मुद्दाम सदस्य होऊन लिहीत आहे, कारण पाचव्या धावपटूचा मुद्दा वाचून मी बराच वेळ विचार करत राहिलो.

आपल्याकडे शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. तालुक्याच्या मैदानी स्पर्धेचा दिवस ठरला की आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानावर फक्की मारून लेन आखायच्या, सकाळी टेम्पोत किंवा एसटीने मुले न्यायची, चेस्ट नंबर वाटायचे, आणि दुपारी तीनपर्यंत १०० मीटरपासून गोळाफेकीपर्यंत सगळे उरकायचे. प्रत्येक प्रकारात पुढे जाणारे एक किंवा दोन. उरलेली मुले डबा खाऊन परत येतात आणि त्यांच्यासाठी खेळाचे वर्ष तिथेच संपते. मग ऑगस्टपासून मी सराव कुणाचा घेणार? ज्याची जिल्ह्याला जाण्याची शक्यता आहे, त्याचाच. मुख्याध्यापकही त्याचेच नाव विचारतात, आणि दहावीत मिळणाऱ्या क्रीडा सवलतीच्या गुणांमुळे पालकही त्याच्याच मागे लागतात. हा कुणा एकाचा दोष नाही, स्पर्धेची रचनाच तशी आहे. पद्धत जे मोजते तेच आम्ही शिक्षक सांभाळतो.

आमच्या भागातील बहुतेक हायस्कुले रयत शिक्षण संस्थेची किंवा तिच्यासारख्या संस्थांची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावात संस्था उभी केली ती शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या सर्व जातींच्या मुलांना शिकता यावे म्हणून. जो पहिला येणार नाही त्यालाही वर्गात जागा, हा विचार आमच्या शाळांच्या पायातच आहे. वर्गात तो आम्ही बऱ्यापैकी पाळतो, मैदानावर मात्र तो हरवतो.

मला विचारायचे आहे ते असे की तिथे प्रशिक्षक हा पूर्ण वेळ खेळाचा शिक्षक असतो का, त्याला वेगळा पगार असतो का, आणि त्याला निवडणुकीची, जनगणनेची किंवा पोषण आहाराच्या नोंदींची कामे असतात का? आमच्याकडे पटसंख्या कमी असलेल्या शाळेत शारीरिक शिक्षणाचे स्वतंत्र पदही टिकत नाही, आणि टिकले तरी त्या शिक्षकाचे तास इतिहास-भूगोलात जातात.

खोरेवासी

सर, तुम्ही आवर्जून लिहिलेत, फार बरे वाटले. तिथे प्रशिक्षक बहुधा त्याच शाळेतला शिक्षक असतो. तो दिवसभर विज्ञान, सुतारकाम किंवा दुसरा कुठला विषय शिकवतो आणि शाळा सुटल्यावर संघ घेतो. त्यासाठी एका हंगामाचे ठरावीक मानधन असते, ते कामाच्या तासांच्या मानाने अगदी किरकोळ. शिक्षक मिळाला नाही तर बाहेरच्या माणसाला नेमतात. निवडणूक किंवा जनगणनेची कामे शिक्षकांकडे नसतात, हा मोठा फरक आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

पैशांच्या बाबतीत या शाळा श्रीमंत नाहीत. स्थानिक शाळामंडळ गावकरीच निवडून देतात. घरपट्टीतून शाळांना मिळणाऱ्या रकमेवर कॅलिफोर्नियात १९७८ पासून घटनात्मक मर्यादा आली आणि त्यानंतर बराचसा निधी राज्याच्या तिजोरीतून येऊ लागला. २०१३ पासून गरीब घरांतील आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांमागे शाळांना जादा निधी मिळतो, त्याचा मॅकफार्लंडसारख्या गावांना खरा आधार झाला. पण हा जादा निधी नंतरचा. पहिली अजिंक्यपदे आली तेव्हा तो नव्हता. क्रॉसकंट्रीला मैदान लागत नाही, साहित्य लागत नाही; लागतात ते बूट, पाणी आणि शर्यतीला जाण्यासाठी बस. गरीब शाळेला जवळपास सर्व मुलांना सामावून घेता येईल असा हा एक खेळ आहे, कारण यात संघात घेण्यासाठी सहसा कुणाला गाळावे लागत नाही. सात जण मुख्य शर्यतीत आणि बाकीचे त्याच दिवशी दुय्यम शर्यतीत, अशी सोय बहुतेक स्पर्धांत असते.

हंगामाची अडचण मात्र तिथेही आहे. क्रॉसकंट्री ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालते, आणि बदामाची झाडे यंत्राने हलवून बदाम पाडण्याचे आणि द्राक्षतोडीचे कामही नेमके याच महिन्यांत येते. म्हणजे घरी मजुरीचे चार पैसे ज्या वेळी मिळतात, त्याच वेळी मुलाला सरावाला सोडायचे असते.

डॉ_अपर्णा

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चर्चा चांगली चालली आहे, पण आरोग्याची बाजू कुणी मांडलेली नाही.

मॅकफार्लंडचे नाव धावपटूंमुळे गाजण्याआधी दुसऱ्या कारणाने गाजले होते. १९८० च्या दशकात त्या लहानशा गावात मुलांना कर्करोग होण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. सरकारी पातळीवर तपास झाले, पाण्याच्या विहिरी आणि कीटकनाशके यांच्यावर संशय होता, तरी कारण निश्चित ठरले नाही. १९८८ मध्ये चावेझ यांनी डिलेनोत ३६ दिवसांचे उपोषण केले, ते कीटकनाशकांच्या विरोधात, आणि त्यात मॅकफार्लंडच्या मुलांचा उल्लेख वारंवार होत असे. संघाने पहिले अजिंक्यपद जिंकले ते १९८७ मध्ये. एकाच गावातील, एकाच शाळेतील मुलांच्या या दोन गोष्टी एकाच काळातल्या आहेत, हे लक्षात ठेवून हा इतिहास वाचावा अशी माझी विनंती आहे. त्या शाळेतील काही पालक मुलांना धावताना पाहायला उभे होते आणि काही पालक रुग्णालयात.

दुसरे, धावणारे मूल मिनिटाला बसलेल्या मुलाच्या कितीतरी पट हवा आत घेते. फवारणी झालेल्या मळ्याच्या कडेने, बदामपाडणीच्या धुळीत किंवा आपल्याकडे ऊस पेटवल्यावरच्या काजळीत मुलांना पळवणे योग्य नाही. तिथे यासाठी काही नियम आहेत का?

आणि शिक्षकांसाठी सांगते की ग्रामीण मुलींमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की लांब पल्ल्याचा सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे अत्यावश्यक आहे. मुलगी दम लागतो म्हणते तेव्हा ती आळशी असते असे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते.

खोरेवासी

डॉक्टर, तुम्ही ही बाजू मांडलीत हे फार आवश्यक होते. सॅन वाकीन खोरे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने धूळ आणि धूर तळाशी साचून राहतात आणि देशातील सर्वांत खराब हवेच्या प्रदेशांत ते मोडते. आता शाळा हवेचा निर्देशांक पाहतात आणि तो ठरावीक पातळीच्या वर गेला की मैदानावरचा सराव बंद ठेवतात. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर जाते, म्हणून सराव पहाटे किंवा सूर्य मावळताना घेतात. शेतमजुरांसाठी सावली, पाणी आणि विश्रांती सक्तीची करणारा नियम कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये आणला, तोही उन्हाने मजुरांचे मृत्यू झाल्यानंतर. १९८० च्या दशकातील मुलांना यातले कोणतेच संरक्षण नव्हते, आणि त्यांच्या यशाचे वर्णन करताना हे सांगितलेच पाहिजे.

सुजाता_क

मुलींविषयी विचारायचे राहिले. इथे आत्तापर्यंत फक्त मुलांच्या संघाचीच चर्चा झाली.

खोरेवासी

सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी असा भेद करू नये, असा केंद्रीय कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्यामुळे शाळांना मुलींचे संघ उभे करणे भाग पडले. आज त्या स्पर्धांत मुलींची शर्यत मुलांइतक्याच अंतराची आणि त्याच वाटेवर होते. शेतमजुरांच्या घरांत मात्र मोठ्या मुलीवर धाकट्यांची जबाबदारी असल्याने संध्याकाळी सरावाला थांबणे तिला सोपे नसते, हे तिथल्या शिक्षकांकडून मी ऐकलेले आहे. तुम्ही फडावरच्या मुलीचे जे सांगितले, त्याच्याशी ते जुळते. नियमाने संघ उभा राहतो. मुलगी मैदानावर येण्यासाठी कुणाला तरी तिच्या घरी जाऊन बोलावे लागते.

गावशाळा_पीटी

मी आमच्या केंद्रातील इतर शाळांच्या शिक्षकांशी बोललो आहे. शासकीय स्पर्धेची रचना आमच्या हातात नाही, पण आसपासच्या हायस्कुलांची एक संघशर्यत आम्ही आपापसांत घेऊ शकतो. मुलांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र, प्रत्येकी सात जण, पहिल्या पाचांची बेरीज. अंतर मात्र वयाप्रमाणे कमी ठेवू. आठवी-नववीसाठी तीन किलोमीटर पुरे आहे असे मला वाटते. वाट म्हणून पाझर तलावाच्या कडेचा कच्चा रस्ता पाहिला आहे, तिथे वाहने नसतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुलींची हिमोग्लोबिन तपासणी आधी करून घेऊ.

एक व्यावहारिक अडचण आहे. शंभर मीटरला पहिले तीन टिपले की काम भागते. इथे मात्र शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येकाचा क्रमांक अचूक टिपावा लागेल आणि सात-आठ मुले एकदम आली तर गोंधळ होईल. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. हे पूर्वी कसे करत असत?

खोरेवासी

सर, यंत्रे येण्यापूर्वी तिथेही हे काम हातानेच होत असे आणि लहान स्पर्धांत अजूनही होते. शेवटच्या रेषेनंतर दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून वीस-पंचवीस मीटरची अरुंद गल्ली करतात, एका वेळी एकच मूल चालू शकेल इतकीच रुंद. रेषेवर एक पंच फक्त कोण आधी आला एवढेच पाहतो आणि मुलांना त्याच क्रमाने गल्लीत घालतो. गल्लीत कुणी कुणाला ओलांडायचे नाही. दुसऱ्या टोकाला एक जण क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन उभा असतो आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पुढची चिठ्ठी देतो. मूल ती चिठ्ठी आपल्या शाळेच्या शिक्षकाला देते, आणि तो सातही चिठ्ठ्या दोऱ्यात ओवून टेबलावर आणून देतो. बरोबरी झाली तर ज्याचा सहावा धावपटू पुढे, तो संघ जिंकतो.

गल्लीत दोन धडधाकट माणसे मुद्दाम उभी करा, कारण दमलेली मुले तिथे बसायला पाहतात आणि मागची रांग अडते. निकालाच्या कागदावर पहिल्या तिघांऐवजी प्रत्येक शाळेची सातही नावे क्रमांकांसह लिहा. मुले ती पुन्हा पुन्हा वाचतात, असे मी तिथे पाहिले आहे.

सुजाता_क

तारीख ठरवताना एक पाहा सर. तुमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कमी असतील, पण आमच्या भागातील कुणी ही शर्यत घ्यायची ठरवली आणि ती डिसेंबरात ठेवली, तर अर्धी मुले फडावर असतील.

गावशाळा_पीटी

आमच्याकडे धनगरवाड्यांवरची मुलेही मेंढरांबरोबर पावसाळा सरताना बाहेर पडतात, त्यामुळे तुमचा मुद्दा आम्हालाही लागू आहे. सहामाही परीक्षेच्या आधी, सप्टेंबरच्या अखेरीस एखाद्या शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा घेण्याचे ठरवतो. तोवर पाऊसही उघडलेला असेल. पाचांची बेरीज कशी करायची, हे फळ्यावर उदाहरणासह समजावून देण्याचे काम आमच्या गणिताच्या बाईंनी आपणहून मागून घेतले आहे.